अण्णांची बिडी आणि नणंदेच्या कॅप्सूल

प्रश्न : ताई, माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत, पस्तीस वर्षं बिडी ओढली, आता दिवसाला पाच-सहावरच आलोय म्हणतात (गॅलरीतल्या कुंडीतली थोटकं वेगळंच सांगतात). सकाळी खोकल्याची उबळ आली की अख्खी बिल्डिंग जागी होते, दोन महिने झाले आता. नणंदेने फुफ्फुसांसाठी म्हणून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल पाठवल्यात, डबीवर बीटा कॅरोटिन, सेलेनियम, झिंक असं काय काय लिहिलंय. द्यायच्या का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नका देऊ. नणंदेचा जीव तुटतो म्हणून पाठवल्या असतील पण त्या बीटा कॅरोटिनवर माझा राग आहे आणि त्याला कारण आहे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन दिलं, वाटलं होतं कॅन्सर कमी होईल, आणि १९९४ला निकाल आला तर ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलटा १८ टक्के जास्त! मग अमेरिकेत बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ए मिळून देऊन पाहत होते, तिथेही तेच दिसायला लागलं म्हणून १९९६मध्ये गोळ्या वेळेआधीच बंद केल्या. गाजरातही बीटा कॅरोटिन असतं, पण त्याला घाबरू नका हं, गाजर हलवा खुशाल करा, भानगड गोळीतल्या मोठ्या डोसची आहे.

आता सेलेनियम-झिंक. धुरातल्या घातक कणांशी झुंजणारी काही एन्झाइम्स शरीरातच असतात, त्यातल्या एकाला सेलेनियम लागतं, एकाला झिंक आणि तांबं. पण लागतं ते चिमूटभर, डाळी, तीळ, शेंगदाणे, अंडं यातून बरंचसं मिळतं. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

व्हिटॅमिन सी मात्र बिडीवाल्यांचं भरभर संपतं, अमेरिकेतल्या शिफारशीत त्यांना रोज ३५ मिलिग्रॅम जास्तीचं सांगितलंय. आपल्या माळव्यात ते हातगाडीवर मिळतं की, ज्याला इथे जाम म्हणतात तो पेरू, मध्यम आकाराच्या एकातच शंभरावर मिलिग्रॅम निघतं! दात कुरकुरत असतील तर बिया काढून द्या, नाहीतर पोह्यांवर लिंबू जरा सढळ हाताने पिळा (सोबत जिलबी हवीच म्हणतील, तो तुमचा घरचा प्रश्न).

पण खरं सांगू का, पेरू खाऊन बिडी फिटत नाही. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकीची टीबीची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारायची ती स्पायरोमेट्री करून घ्या. थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरत असेल तर आजच.

प्रश्न : दम्याचा जोरात अटॅक आला तेव्हा हॉस्पिटलमध्ये भावाला मॅग्नेशियम लावलं होतं. मग घरी त्याची गोळी सुरू करू का?
– वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : ते शिरेतून देतात, श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल करायला, आणि तेही नेहमीच्या औषधांना दाद मिळत नाही तेव्हा. गोळीने तसं होत नाही. पालक, बाजरी, दाणे पोटभर खाऊ द्या, आणि भाऊ इन्हेलर नीट ओढतो का ते एकदा समोर बसवून बघा, बरेच जण तोंडातच फवारतात.