दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्रीचे नाव बदलावे का, आणि नवे नाव कसे निवडावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा: निवारा केंद्रातून सुमारे तीन वर्षांची देशी कुत्री आपण नुकतीच घरी आणली आहे. केंद्रात तिला ‘स्वीटी’ म्हणत, ते आपल्याला आवडत नाही. मुलाला तिचे नाव ‘कोको’ ठेवायचे आहे, सासूबाईंनी तिला ‘चंपी’ म्हणायला सुरुवातही केली आहे, आणि एवढ्या वयात नाव बदलले तर ती गोंधळेल की काय, अशी आपल्याला शंका आहे.

शंकेचे उत्तर आधी देतो: नाव खुशाल बदला. मी पुण्यातल्या एका निवारा केंद्रात सुट्टीच्या दिवशी मदतीला जातो, त्यामुळे तिथे नावे कशी पडतात ते जवळून पाहिले आहे. गाडीतून कुत्रे उतरले की नोंदवहीतला रकाना भरावा लागतो, आणि लिहिणाऱ्याला त्या क्षणी जे सुचेल ते त्याचे नाव होते. एकाच वेळी तिथे तीन ‘राणी’ आणि दोन ‘ब्राउनी’ असू शकतात, आणि आम्हीसुद्धा पिंजऱ्यावरची पाटी वाचून हाक मारतो. तिथली बहुतेक कुत्री नावापेक्षा जेवणाच्या पातेल्याच्या आवाजाला जास्त लगबगीने उठतात. अशा नावात कुत्रीचे काही अडकलेले नसते. अपवाद आहे तो वर्षानुवर्षे एखाद्या घरात राहिलेल्या आणि मालकाच्या निधनामुळे किंवा आजारपणामुळे केंद्रात आलेल्या कुत्र्यांचा. त्यांना स्वतःचे नाव पक्के ठाऊक असते आणि अनोळखी घरात तेवढीच एक ओळखीची गोष्ट उरलेली असते, म्हणून ते ठेवावे हे बरे. उलट, जुने नाव कानावर पडताच कुत्री अंग चोरून घेत असेल, शेपूट पोटाखाली घालत असेल, तर ते नाव ओरडून तिला कोणीतरी मारलेले असण्याची शक्यता आहे, आणि मग ते त्याच दिवशी सोडून द्यावे.

आता निवडीविषयी. लोक इंटरनेटवरच्या याद्या वाचून नाव ठरवतात, पण मला विचाराल तर आधी आपल्या घरात दिवसभर काय बोलले जाते ते ऐकावे. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात घरगुती कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना ओळखीच्या आज्ञा, त्यांच्यात एकच ध्वनी बदलून केलेले निरर्थक शब्द आणि अगदी वेगळे निरर्थक शब्द ऐकवले होते. अगदी वेगळा शब्द कुत्र्यांना वेगळा कळला. एका ध्वनीचा फरक मात्र त्यांच्या मेंदूच्या प्रतिसादात दिसला नाही. मराठी घरात याचा अर्थ असा की ‘कोको’ हे नाव दिसायला गोंडस असले तरी त्याच घरात दिवसातून शंभरदा ‘नको’ म्हटले जाते, आणि ‘नको’ ही तर कुत्रीला आपण शिकवणार असलेली पहिली आज्ञा. ‘निको’ची अडचण याहून मोठी. ‘थांब’ म्हणणाऱ्या घरात ‘थंडर’, ‘बस’ म्हणणाऱ्या घरात ‘बस्टर’ ही अशीच उदाहरणे आहेत. आपण आज्ञा इंग्रजीत देणार असाल तर तपासणी त्या शब्दांशी करावी, पण सासूबाई इंग्रजीत आज्ञा देणार नाहीत हे गृहीत धरावे. घरातल्या माणसांची नावेही याच चाळणीतून काढावीत: मुलाचे लाडाचे नाव ‘सोनू’ असेल तर कुत्रीचे ‘मोनू’ नको.

दुसरी गोष्ट हाकेची. आपल्याकडची जुनी नावे आठवून पाहा: मोत्या, वाघ्या, टिप्या, खंड्या, राजा. सगळी दोन अक्षरी आहेत आणि सगळ्यांच्या शेवटी मोकळा ‘आ’ आहे, जो शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत लांबवता येतो. मोती नावाच्या कुत्र्यालाही हाक मारताना आपण ‘मोत्याऽ’च करतो. ‘मॅक्स’ किंवा ‘स्पॉट’ हे नाव लांबवून पाहा, तोंड मिटते आणि आवाज तिथेच संपतो. कुत्री मैदानात पट्ट्यातून निसटून रस्त्याकडे धावत असेल त्या क्षणी हा फरक कामाचा ठरतो. शिवाय आपण नाव काहीही ठेवले तरी आठवडाभरात घरचे लोक त्याची मोडतोड करणारच. ‘ब्रूनो’चा ‘बुन्या’ होतो, ‘ऑलिव्हिया’ची ‘ओली’ होते. म्हणून ठरवण्याआधी ते नाव सासूबाईंच्या, भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या आणि इमारतीच्या वॉचमनच्या तोंडून एकदा ऐकावे. तिघांचे उच्चार तीन झाले, तर कुत्रीची तीन नावे झाली.

शेजाराचा विचार मी थोडक्यात सांगतो, कारण तो ज्याचा त्याने करायचा आहे. देवादिकांची नावे, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचे नाव किंवा कोणा पुढाऱ्याचे नाव ठेवून कुत्रीवर जिन्यात ओरडण्याची वेळ आली, तर भांडण कुत्रीशी होत नाही.

या कसोट्यांवर ‘चंपी’ उत्तम उतरते: दोन अक्षरे, सुरुवातीला ठसठशीत ‘च’, शेवटी लांबवता येणारा ‘ई’, आणि घरातली एक व्यक्ती ते आधीच प्रेमाने वापरत आहे. ‘चल’ या आज्ञेशी त्याचा फक्त सुरुवातीचा ‘च’ जुळतो, तेवढ्याने बिघडू नये. मुलाचा हिरमोड होत असेल तर त्याला ‘मैना’, ‘झिपरी’, ‘टिपी’ अशा दोन-तीन पर्यायांतून निवडू द्यावे आणि प्रत्येक नाव गच्चीवरून मोठ्याने ओरडून बघायला सांगावे. जे ओरडताना त्याला स्वतःलाच लाज वाटेल ते आपोआप गळेल.

नाव शिकवणे हे निवडण्यापेक्षा महत्त्वाचे आहे आणि त्याला फार दिवस लागत नाहीत. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे हाताशी ठेवावेत. कुत्री दुसरीकडे पाहत असताना नेहमीच्या आवाजात नाव एकदाच उच्चारावे. सुरुवातीला ती मान वळवणार नाही, फक्त एक कान मागे फिरेल. तेवढ्यालाही तुकडा द्यावा. एका बैठकीत पाच-सहा वेळा पुरे, दिवसातून तीन-चार बैठका. ‘चंपी, चंपी, अगं चंपी’ अशी माळ लावू नये, कारण मग तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचे असते असे ती शिकते. ‘स्वीटी’ला ती थोडाफार प्रतिसाद देत असेल तर नवे नाव आधी आणि जुने लगेच मागून घ्यावे, ‘चंपी, स्वीटी’ असे, म्हणजे पहिले ऐकून दुसऱ्याची चाहूल लागते आणि काही दिवसांनी दुसरे गाळता येते. एकदा नाव रुजले की कुत्री ते गोंगाटातूनही वेचून काढते. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या 2019 च्या प्रयोगात, मागे बोलणाऱ्या माणसांचा आवाज नावाइतकाच मोठा असतानाही कुत्र्यांनी आपले नाव ओळखले होते.

त्या काळात एक पथ्य कडक पाळावे: आंघोळ, कानात औषध, नखे कापणे किंवा रागावणे यांसाठी नाव घेऊन बोलावू नये. अशा वेळी आपण उठून तिच्यापर्यंत जावे.

कागदपत्रांची चिंता करू नये. लसीकरणाच्या पुस्तिकेत पशुवैद्य नवे नाव लिहून देतात, महापालिकेचा परवाना काढताना तेच द्यावे, आणि कातडीखाली ओळखीसाठी मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्यात नाव नसून 15 अंकी क्रमांक असतो. मात्र ज्या नोंदणीत तो क्रमांक आहे तिथे आपले नाव व फोन क्रमांक बदलून घ्यायला विसरू नये. मुलालाही आजच सांगून ठेवा की उगाच गंमत म्हणून हाक मारायची नाही, आणि मारलीच तर हातात उकडलेल्या अंड्याचा निदान एक तुकडा असला पाहिजे.