घरच्या संगणकाची मोफत व्हायरस तपासणी : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : ‘तुमचा संगणक मोफत तपासा’ असे लिहिलेल्या एका पानावर मी क्लिक केले. काही क्षणांत ३७ व्हायरस सापडल्याचे दिसले, भोंगा वाजू लागला आणि एका क्रमांकावर फोन करण्याची सूचना आली. आता काय करावे? (एक शिक्षिका, दारव्हा तालुका)

ते पान खोटे होते आणि ३७ हा आकडाही खोटा होता. ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या संकेतस्थळे पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये, उघडलेल्या पानाला, तुम्ही स्वतः निवडून दिल्याशिवाय, तुमच्या डिस्कवरील फायली वाचता येत नाहीत. मग ते त्यातील व्हायरस मोजणार कसे? फार पूर्वी काही कंपन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स नावाचा पूरक भाग बसवून ब्राउझरमधूनच खरी तपासणी करीत असत. ती पद्धत मागे पडली आणि मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये तो ब्राउझरही निवृत्त केला. आज ज्याला ‘ऑनलाइन स्कॅनर’ म्हणतात तो एक छोटा प्रोग्रॅम असतो; तो आपण कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतो आणि स्वतः चालवतो.

पान बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा. फोन केला नसेल, काही उतरवून चालवले नसेल, तर बहुधा काहीही बिघडलेले नाही. मात्र फोन करून समोरच्या माणसाला एनीडेस्कसारख्या प्रोग्रॅममधून संगणकाचा ताबा दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडावे, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलावेत आणि पैसे गेले असल्यास क्षणभरही न थांबता बँकेला व सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. फसलो म्हणून संकोचाने गप्प राहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : विश्वासाची मोफत साधने कोणती? आमच्या शेतातील घरी मोबाइलचाच हॉटस्पॉट असतो, रेंज कमी आणि रोजचा डेटा मोजका. (एक संत्रा उत्पादक, मोर्शी तालुका)

पहिले साधन तुमच्याकडे आधीच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हे अँटिव्हायरस अंगभूत असते. विंडोज सिक्युरिटी उघडून ते चालू आहे का आणि त्याची माहिती शेवटची कधी अद्ययावत झाली, हे पाहावे. अनेक घरी दुसऱ्या एखाद्या अँटिव्हायरसची मुदत संपूनही तो तसाच पडून असतो आणि आपले संरक्षण होत आहे असा घरच्यांचा समज कायम राहतो. असा मुदतबाह्य प्रोग्रॅम काढून टाकला की डिफेंडर पुन्हा काम सुरू करते.

दुसरे मत हवे असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा ईसेट ऑनलाइन स्कॅनर वापरावा. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने मिळतात. ही साधने मागितल्यावरच तपासणी करतात, त्यामुळे ती डिफेंडरसोबत चालतात. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस मात्र एकाच संगणकावर ठेवू नयेत, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

तुमच्या अडचणीला सेफ्टी स्कॅनर अधिक सोयीचा आहे. त्याची फाइल शंभर एमबीहून मोठी असली तरी व्हायरस ओळखण्याची माहिती तिच्यातच असते. म्हणून तालुक्याच्या गावी, चांगले नेटवर्क असलेल्या आणि खात्रीच्या संगणकावर ती उतरवून पेन ड्राइव्हने घरी आणता येते आणि इंटरनेटशिवाय चालवता येते. ती दहाच दिवस चालते, पुढच्या वेळी नवी आणावी लागते. तुमचे विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हे सेटिंग्जमध्ये आधी पाहून ठेवावे आणि त्याच प्रकारची फाइल आणावी, नाहीतर तालुक्याची खेप वाया जाते.

वीज जाण्याची धास्ती असेल तर आधी लहान, म्हणजे क्विक स्कॅन करावा. पूर्ण तपासणीला काही तास लागू शकतात. ती चालू असताना वीज गेली तर ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते; सापडलेला व्हायरस काढला जात असताना मात्र वीज जाऊ नये, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच बसावे.

प्रश्न : परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला. घरी आल्यावर सगळ्या फायलींच्या जागी शॉर्टकट दिसतात. कागदपत्रे गेली का? (एक विद्यार्थी, कुरखेडा)

बहुतेक वेळा ती गेलेली नसतात, लपवलेली असतात. हा व्हायरस मूळ फायली अदृश्य करतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट समोर मांडतो; शॉर्टकट उघडला की फाइलही उघडते आणि व्हायरसही चालतो, म्हणून संशय येत नाही. तुम्ही घरी शॉर्टकट उघडून पाहिला असेल तर घरचा संगणकही बाधित झाला असे समजावे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी संगणकाची पूर्ण तपासणी करावी, कारण संगणक तसाच ठेवून पेन ड्राइव्ह स्वच्छ केला तर तो लावताच पुन्हा बाधित होतो. डिफेंडरच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन असतो; त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उघडण्यापूर्वीच सुमारे १५ मिनिटांत तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव उरत नाही. त्यानंतर पेन ड्राइव्ह तपासावा, फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि तरीही त्या दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये संरक्षित सिस्टीम फायली लपवण्याची खूण काढावी. फक्त आपली कागदपत्रे व छायाचित्रे संगणकावर घ्यावीत, शॉर्टकटला हात लावू नये आणि मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा, म्हणजे पूर्ण पुसून काढावा.

दुकानदाराचा यात हेतू असतो असे नाही. दिवसभर गावोगावचे पेन ड्राइव्ह त्याच एका संगणकाला लागतात. तरीही त्याला हा प्रकार जाऊन सांगावा, कारण तुमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांचेही अर्ज त्याच संगणकावर भरले जाणार आहेत.

प्रश्न : पीक विम्याच्या यादीची म्हणून एक फाइल आली आहे. ती न उघडता तपासता येते का? (एक शेतकरी, कारंजा तालुका)

येते. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल चढवली की सुमारे सत्तर अँटिव्हायरस तिच्याविषयी काय म्हणतात ते एकत्र दिसते. ही सेवा स्पेनमध्ये २००४ साली सुरू झाली आणि २०१२ पासून ती गूगलकडे आहे. सत्तरांपैकी एक-दोघांनीच शंका घेतली तर तो चुकीचा इशारा असू शकतो. अनेकांनी घेतली तर फाइल पुसून टाकावी. कोणीच शंका घेतली नाही म्हणून फाइल निर्धोक ठरत नाही, कारण अगदी नवा व्हायरस अजून कोणाच्याच नोंदीत नसतो. फाइलच्या नावाचा शेवटही पाहावा. ‘यादी’ म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ईएक्सई असेल तर तो प्रोग्रॅम आहे, आणि एपीके असेल तर ते मोबाइलचे अ‍ॅप आहे. दोन्ही उघडू नयेत.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. येथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना व संशोधकांना उपलब्ध होते. आधार, बँकेचे पासबुक किंवा स्वतःची इतर खासगी कागदपत्रे तेथे कधीही चढवू नयेत. आणि ही सेवा हाती दिलेली फाइलच तपासते, संगणक तपासत नाही.

प्रश्न : कोपऱ्यात सारखे ‘व्हायरस सापडला’ असे संदेश येतात, पण कोणत्याही तपासणीत काही निघत नाही. (एक गृहिणी, देऊळगाव राजा)

बहुधा तो व्हायरस नाही. एखाद्या संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली आणि आपण ‘अलाऊ’ दाबले की असे संदेश येत राहतात. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधील नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी संकेतस्थळे काढून टाकावीत.

प्रश्न : आमच्या जुन्या संगणकावर विंडोज ७ आहे. महिन्यातून एकदा तपासणी केली तर पुरेल का? (एक निवृत्त ग्रामसेवक, धारणी तालुका)

पुरणार नाही. विंडोज ७ साठी सुरक्षा दुरुस्त्या देणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. तपासणीत आत आलेला व्हायरस सापडेल, पण ज्या भगदाडातून तो आला ते बुजणार नाही. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या संगणकाला विंडोज ११ चालत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवून घ्यावी. पत्रे लिहिणे आणि संकेतस्थळे पाहणे यांसाठी ती पुरेशी आहे. बसवण्यापूर्वी छायाचित्रांची व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत उघडते याची दुसऱ्या संगणकावर खात्री करून घ्यावी. तोवर या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.