जिभेवर चट्टा दिसला म्हणजे कॅन्सरच का?

"मॅडम, जिभेवर लाल चट्टा आलाय, कॅन्सर तर नाही ना?" हे मी इतक्यांदा ऐकते की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. दाताचे डॉक्टर तपासून "काही नाही" म्हणतात आणि तरी ज्यांचं समाधान होत नाही ते माझ्या टेबलापाशी येतात.

मंदाताई (नाव बदललंय) अशाच आल्या. चाळिशीच्या, घरची कपाशी अन् तूर. दीर तोंडाच्या कॅन्सरने गेले, नागपूरच्या चकरा यांनीच मारलेल्या, त्यामुळे जिभेवर चट्टा दिसला तसं ताईंनी स्वतःच निदान करून टाकलं. डॉक्टरांनी जिओग्राफिक टंग आहे, म्हणजे जागा बदलणारे साधे चट्टे, म्हणून सांगितलं होतं. ते पटलं नाही.

"थे डॉक्टर धा सेकंद पाह्यते अन् म्हणते काई नाई. मी दिवसभर पाह्यतो ना!"

मी तिथेच थांबले. दिवसभर म्हणजे कसं पाहता? तर उठल्याबरोबर, मग भांडी झाली की, मग रात्री मोबाइलचा टॉर्च लावून, पदराच्या टोकाने जीभ धरून बाहेर ओढून. वरून स्टीलच्या जिभीने खरडायचं, चट्टा निघतो का म्हणून, रक्त येईपर्यंत. तिखट झोंबते म्हणून ठेचा बंद, भाजी बंद, दूध-भाकरीवर दिवस काढायचे, त्याने वजन उतरलं, अन् वजन उतरलं म्हणजे कॅन्सर पक्का! आता यात आजार किती अन् भीतीने केलेलं किती, तुम्हीच सांगा. माझं पहिल्यापासूनचं मत आहे की भीती समजावून जात नाही, माणूस भीतीपायी रोज जे जे करतो ते सुटलं की ती आपोआप उतरते.

त्यांच्या मोबाइलमध्ये जिभेचे ढीगभर फोटो होते. मी म्हटलं, आज नवीन फोटो नको, जुनेच तारखेने दाखवा मला. त्या दाखवत गेल्या, हा नागपंचमीचा, हा पोळ्याचा, हा कालचा. एक-दोनदा मागे-पुढे केलं आणि थांबल्या.

"बाप्पा! हा तं इकडे कडेले होता. आता टोकावर हाय. थो जुना कुठी गेला?"

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं हीच आमच्या कामातली अर्धी विद्या, आणि ती मला जमते असं आता म्हणायला हरकत नाही. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, "माह्या दिराची गाठ तं जागची हालली नाई जी. तिथंच वाढत गेली."

डॉक्टरांनी सांगितलेलंच, पण आता ते त्यांच्या तोंडून आलं होतं.

जिओग्राफिक टंगमध्ये होतं ते असं: जिभेवर बारीक धाग्यांसारखे उंचवटे असतात, ते काही जागी झडतात, तिथे लाल गुळगुळीत चट्टा दिसतो आणि कडेला पांढरट रेघ. काही दिवसांनी तो भरतो, दुसरीकडे नवा येतो. शंभरात एक ते तीन लोकांना असतो, कधी घरातच दोघा-तिघांना, जिभेला चिरा असणाऱ्यांना किंवा सोरायसिसवाल्यांना जरा जास्त. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्याचा कॅन्सर होत नाही, बहुतेकांना औषधही लागत नाही. झोंबत असेल तेवढे दिवस तिखट, आंबट अन् कढत चहा कमी करा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, खरडू तर अजिबात नका. सगळी जीभच लाल गुळगुळीत झाली असेल तर मात्र रक्त तपासा, आपल्याकडे बायकांमध्ये लोह अन् बी१२ कमी असणं काही नवीन नाही.

ताईंना मी जीभ आठवड्यातून एकदाच पाहायची परवानगी दिली, रविवारी, उजेडात, टॉर्चशिवाय. पहिले दिवस लय जड गेले त्यांना. हळूहळू ठेचा परत ताटात आला. चट्टा अजूनही येतो-जातो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांना आणून सोडणारे त्यांचे यजमान, मी त्यांना भाऊ म्हणते, दरवेळी बाहेर बाकावर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात बसायचे. एकदा आत बोलावलं अन् म्हटलं, भाऊ, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. दोनच गेली. "तिखट मलेबी झोंबते, पण माह्या जिभेवर तं काई नाई," म्हणे. सुपारीने गाल आतून आवळतात, ते पूर्ववत होत नाही आणि कॅन्सरचा धोका इथे खरा असतो. घरभर बायकोच्या जिभेची चर्चा अन् या तोंडाकडे कोणाचंच लक्ष नाही! तोंड कमी उघडणं, एकाच जागी दोन आठवडे न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा डाग, कडक गाठ, यातलं काही असेल तर दाताच्या डॉक्टरला त्याच आठवड्यात दाखवा.

भाऊंना त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. खर्रा सोडायला १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर आहे, तोही लिहून दिला. आता ताई त्यांना घेऊन येतात. पहिल्या दिवशी भाऊंनी खिशातली खर्र्याची पन्नी माझ्या टेबलावर ठेवली खरी, पण जाताना उचलून घेऊन गेले, तेव्हा समुपदेशनाला बसणं चालू आहे.