कोर्टाने भेट नाकारली, शाळेबाहेर उभं राहू का?

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो. पत्नी सात वर्षांच्या मुलीला घेऊन ठाण्याला माहेरी गेली आहे. घटस्फोटाचा दावा चालू आहे. मुलीला भेटू देण्याचा माझा अर्ज कौटुंबिक न्यायालयाने फेटाळला. ती मला घाबरते असं समुपदेशकांच्या अहवालात आहे. रागाने मी पोटगी थांबवली. शाळा सुटताना गेटवरून तिला नुसतं बघितलं तर चालेल का?

उत्तर : अजिबात जाऊ नका. तुमच्यासाठी ते नुसतं बघणं. वॉचमनने मुलीच्या आईला फोन केला की समोरच्या वकिलांच्या हाती आयतं कोलीत.

आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल काढा आणि स्वतः वाचा. मुलाशी संपर्क अगदी टोकाच्या परिस्थितीतच नाकारावा आणि नाकारताना कारणं द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात सांगितलंय. तुमच्या आदेशात कारण आहे : भीती. ती कशाची, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. वकिलांना तरी सांगा.

हा अंतरिम, म्हणजे दावा चालू असतानाचा तात्पुरता आदेश दिसतो. त्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 19 खाली अपील होत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पण लगेच तिकडे धावा, असं मी सांगणार नाही. मुलांच्या ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की तेही बदलता येतात. तेव्हा आधी थोडी परिस्थिती बदला, मग त्याच न्यायालयात नवा अर्ज करा.

त्यात ‘बाप म्हणून माझा हक्क’चं पालुपद नको, न्यायाधीश मुलीचं हित बघतात. दिवाळीची सुट्टी, रात्रीचा मुक्काम हे आत्ता मागूच नका. समुपदेशकांच्या देखत, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत अर्धा तास मागा. तेही जमत नसेल तर आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल.

पोटगी मात्र आजच भरा, खात्यावर पाठवा, म्हणजे नोंद राहील. पोटगी थकली म्हणून भेट आपोआप बंद होत नाही, तशी भेट नाही म्हणून पोटगीही थांबवता येत नाही. थकबाकीदार बापाचा अर्ज न्यायाधीश कोणत्या नजरेने वाचतील?

आणि पहिली भेट मिळालीच, तर आजी-आत्यांची वरात नेऊ नका. एकटे जा. ‘मम्मी काय म्हणते गं?’ हे तर विचारूच नका.