आयटी सोडून शिक्षक व्हायचंय? आधी एवढं बघ

राजीनामा लिहायची घाई करू नकोस. मीही १३ वर्षांनी आयटी सोडून शाळेत आलो, म्हणून सांगतो.

कंटाळा कामाचा आलाय की साहेबाचा, हे आधी तपास. साहेबाचा असेल तर कंपनी बदल. मी महिनाभर रोज रात्री वहीत एकच ओळ लिहायचो: आज जीव कशात रमला? त्यातल्या २२ ओळी शेजारच्या मुलाला गणित शिकवल्याच्या निघाल्या!

- बी.एड. २ वर्षांचं, सहावी ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही. तेवढा घरखर्च आधी बाजूला काढ.
- नोकरीला ५ वर्षं होत आली असतील तर ग्रॅच्युइटीपुरता थांब. पीएफ मोडू नकोस.

बहुतेकजण वर्गात एकदाही उभं न राहता निर्णय घेतात आणि तिथेच फसतात. दोन महिने दर शनिवारी एखाद्या अभ्यासिकेत शिकव. मग घरच्यांशी बोल. तुला जमेल.