कापडी टप उतरवण्याचा खर्च आणि निवृत्तीची पुंजी

न्यू जर्सीत राहणाऱ्या ४७ वर्षांच्या एका वाचकांनी पाच वर्षांपूर्वी हौसेने २००३ सालची फेरारी ३६० स्पायडर (टप उघडता येणारी गाडी) घेतली. तिच्या दुरुस्तीसाठी वर्कशॉपने ११,८०० डॉलरचा अंदाज दिला आहे. त्यात २,६०० डॉलर टायमिंग बेल्टचे (इंजिनातील व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्याचे) आहेत, तर ९,२०० डॉलर कापडी टप सांगाड्यासह उतरवून तो उघडणारे-मिटणारे, तेलाच्या दाबावर चालणारे गळके हायड्रॉलिक सिलिंडर बदलण्याचे आणि टप पुन्हा बसवण्याचे आहेत. आपत्कालीन निधीत ७,००० डॉलर आहेत व महिन्याला ८०० डॉलर शिल्लक पडतात. तेव्हा ४०१-के खात्यातून (अमेरिकेतील नोकरदारांच्या निवृत्ती-बचत खात्यातून) रक्कम काढावी का, असे ते विचारतात.

माझे उत्तर नकारार्थी आहे. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी काढलेल्या रकमेवर प्राप्तिकराशिवाय सामान्यतः दहा टक्के जादा कर लागतो. आपण प्राप्तिकराच्या २२ टक्क्यांच्या गटात असाल, तर ९,२०० डॉलर हाती पडण्यासाठी सुमारे १३,५०० डॉलर काढावे लागतील, आणि त्यात राज्याचा कर धरलेला नाही. त्याच खात्यावरचे कर्ज तुलनेने बरे, कारण त्याचे व्याज आपल्याच खात्यात जमा होते. मात्र नोकरी सुटली आणि उरलेली बाकी विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरता आली नाही, तर तीही काढलेली रक्कम मानली जाते.

खरे तर ही दोन कामे एकाच कागदावर आली, म्हणूनच आकडा इतका मोठा दिसतो. फेरारीच्या आधीच्या ३५५ या मॉडेलमध्ये बेल्टसाठी इंजिन खाली उतरवावे लागे, परंतु ३६० मध्ये आसनांमागचे झाकण काढून तेथे पोहोचता येते. म्हणजे बेल्टसाठी टप उतरवण्याची गरज नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते, त्यामुळे ते काम टाळता येणार नाही. टपाचे तसे नाही. तो वर ओढून बंद ठेवला आणि पंप चालवलाच नाही, तर सिलिंडरवर दाब येत नाही. (उघड्या टपाच्या गाडीत बंद टपाने फिरणे जिवावर येईल, हे मी समजू शकतो.) एक गोष्ट मात्र मेकॅनिककडून लेखी घ्यावी: या गाडीत टप इंजिनाच्या वरच घडी होऊन बसतो, तेव्हा गळलेले तेल तापलेल्या भागांवर पडते आहे का? पडत असेल, तर टपाचे काम होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

आता नोव्हेंबर आहे आणि गाडी हिवाळाभर गॅरेजमध्येच राहील. तोवर इंजिन सुरू न करता महिन्याचे ८०० डॉलर वेगळे ठेवल्यास फेब्रुवारीअखेर ३,२०० जमतात. त्यातून मार्चमध्ये बेल्ट बदलून घ्यावा, म्हणजे आपत्कालीन निधीला हात लागणार नाही. उरलेल्या ६०० डॉलरसह टपाची रक्कम पुढच्या जानेवारीअखेर पूर्ण होईल. त्या वेळी एक सिलिंडर बदलून थांबू नये. खर्चाचा मोठा भाग टप काढण्या-बसवण्याच्या मजुरीचा असतो, म्हणून सर्व सिलिंडर, नळ्या व सील एकदाच तपासून घ्यावेत. सुटे सिलिंडर नवे घेण्याऐवजी सील बदलून देणारे कारागीरही असतात. दोन्हींचे दर मागवावेत.

गाडी आहे तशी विकण्याचा पर्यायही खुला ठेवून एखाद्या व्यापाऱ्याचा भाव लेखी मागवावा. मात्र खासगी वापराच्या गाडीच्या विक्रीतला तोटा करात वजा होत नाही, हे हिशेबात धरावे.