गेट ते दार सगळे पेव्हर ब्लॉकच आहेत, झाडं लावून घराची पुढची बाजू चांगली कशी दिसेल?

तुम्ही लिहिलंय की घर रत्नागिरीजवळ आहे, गेटपासून दारापर्यंत 18 फूट लांब आणि 14 फूट रुंद जागा आहे, सगळे पेव्हर आहेत आणि खूप रुक्ष दिसतं, तर कुठली झाडं लावू. आमचं घर गुहागर तालुक्यात आहे, 2018 ला नवीन बांधलं तेव्हा आमचं पण अगदी हेच झालं होतं, आत घर छान पण रस्त्यावरून बघितलं की गोडाऊन वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झाडं विकत घ्यायची घाई करू नका. आधी एका मोठ्या पावसात छत्री घेऊन पुढे उभे रहा, पाणी कुठून येतं, कुठे साठतं, पागोळ्या नेमक्या कुठे पडतात ते बघा आणि तिथे खुणा करून ठेवा. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तो पण जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे इतर ठिकाणचे व्हिडिओ बघून केलेलं इथे टिकत नाही. मी हे न बघता आधी लॉन टाकलं होतं, नर्सरीवाल्याने काहीच होणार नाही सांगितलं, जुलैमध्ये त्यात पाणी थांबून शेवाळ धरलं आणि मे महिन्यात विहीर खाली गेल्यावर उरलंसुरलं जळून गेलं. पांढरे गोटे पसरले होते ते पहिल्याच पावसाळ्यात हिरवे झाले. ह्या दोन्ही गोष्टींवर पैसे घालवू नका.

पागोळीची पट्टी सगळ्यात महत्त्वाची. भिंतीपासून साधारण दोन-अडीच फूट काहीच लावायचं नाही, तिथे काळी खडी भरायची आणि उतार गटाराकडे द्यायचा. नाहीतर पागोळ्यांनी रोपं झोडपून मरतात आणि लाल मातीचे शिंतोडे उडून भिंतीचा खालचा फूट-दीड फूट कायम लालसर दिसतो, मग वर कितीही फुलं असली तरी घर मळकटच दिसतं. झाडं भिंतीपासून लांब राहिली की ओल आणि वाळवीचा त्रास पण कमी.

मग वाट. सगळे पेव्हर काढायची गरज नाही, मधे साडेचार फूट ठेवा, म्हणजे दोन माणसं बरोबर चालत येऊ शकतात, आणि दोन्ही बाजूंना पावणेपाच फूट जागा मोकळी होते (गाडी आत लावत असाल तर एकच बाजू मोकळी करा). बजेट असेल तर वाटेचे पण पेव्हर काढून जांभ्याची पाखाडी (म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे बसवलेली वाट) करून घ्या, मी तीच केली, उन्हात पेव्हरएवढी तापत नाही आणि आपल्या घराला शोभते. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ येतं, ते दर पंधरा दिवसांनी खराट्याने घासावं लागतं हे धरून चला. पायऱ्यांना पॉलिशचं ग्रॅनाइट अजिबात नको, घरात म्हातारी माणसं असतील तर तर नकोच. आणि चिऱ्यांचे सांधे सिमेंटने भरून घ्या, नुसते रचून ठेवलेल्या चिऱ्यांच्या फटीत फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, बसतं. त्याच कारणासाठी दाराजवळ जमिनीलगत दाट झुडूप नको, खालचा फूटभर भाग छाटून मोकळा ठेवायचा.

पेव्हर काढल्यावर खाली ग्रिट आणि दाबलेली खडी असते, त्यातच खड्डा करून रोप लावलं तर ते वर्षभर तसंच उभं राहतं, वाढत नाही. दीड फूट खणून ते सगळं बाहेर काढा, तळाला नारळाची सोडणं (वरची सालं) घाला, वर लाल माती आणि कुजलेलं शेणखत, आणि वाफा वाटेपेक्षा फूटभर उंच करा म्हणजे मुळं कुजत नाहीत.

आता झाडं. माझं स्पष्ट मत आहे की गेटमधून दार दिसलंच पाहिजे, म्हणून उंच झाड गेटच्या कोपऱ्यात आणि दाराकडे येता येता बुटकं होत जायचं. कोपऱ्यात कलमी सोनचाफा, किंवा वाटेवर सडा पडलेला आवडत असेल तर पारिजातक. मधल्या भागात जास्वंद, अनंत, पिटकुळी (इक्झोरा), ह्यांना आपली आंबट म्हणजे आम्लधर्मी माती मानवते. जास्वंदीवर मिलीबग ही पांढरी कीड येते, लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून फवारलं की आटोक्यात राहते. वाटेच्या कडेला अबोली, मधे मधे कोरांटी, ती पाऊस संपल्यावर फुलते तेव्हा बाकीच्यांचा बहर ओसरलेला असतो. बोगनवेल फक्त गेटवर, कोरड्या दिवसांत खरी रंगते, पण काटे असल्यामुळे वाटेच्या बाजूला नको. लहान मुलं असतील तर कण्हेर लावू नका, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो.

तुळशीवृंदावन असेल तर त्याच्या भोवती सगळीकडून तीन फूट तरी जागा मोकळी सोडा. आम्ही आधी त्याच्याभोवती कुंड्या मांडल्या होत्या, तुळशीच्या लग्नाला ऊस बांधायला आणि माणसं उभी रहायला जागाच उरली नाही, आईने दुसऱ्या दिवशी सगळ्या हलवायला लावल्या, आणि खरं सांगतो त्या हलवल्यावरच अंगण अंगणासारखं दिसायला लागलं. दारासमोर रांगोळीपुरती चार बाय चार जागा सारवलेली किंवा साध्या चिऱ्याची ठेवा.

दिवे पिवळसर घ्या, 3000 केल्विनचे, आयपी 65 लिहिलेले (म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही), आणि वाटेच्या कडेला गुडघ्याएवढे बुटके दोनच पुरतात. पांढऱ्या फोकसमध्ये पावसाळ्यात किडे खूप येतात.

खोदकाम आणि माती मे संपायच्या आत उरकून घ्या, पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की रोपं लावा. वाट आणि वाफे आखून झाले की मापं इथे टाका, सोनचाफा भिंतीपासून किती लांब हवा ते नीट बघून सांगतो.